बाईंनी पाट्या पुसायला लावल्या

आमच्या गावच्या शाळेत सरस्वतीची मूर्ती कधीच नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण परभणीत अजूनही अशी माणसं भेटतात, जी ठासून सांगतात की झरीच्या रस्त्यावरच्या त्या गावात एका मास्तरीणबाईनं मूर्ती फोडली होती. मूर्ती नव्हती, तर फोडणार काय? काचेच्या चौकटीतला एक फोटो होता. तो मुख्याध्यापक गुरुजींच्या खुर्चीमागं खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. पुसली ती पाटी. पाटी असतेच पुसायला. एवढी साधी गोष्ट सांगायला मला इतकी पानं खर्च करावी लागतात, यावरून आमच्याकडची वर्तमानपत्रं कशी चालतात ते समजून घ्या.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन काही वर्षं लोटली होती आणि अंमलबजावणीचं नाव नव्हतं. मी परभणीच्या कॉलेजात नावापुरता आणि चळवळीत पुरता होतो. पत्रक लिहायचं, छापखान्यातून गठ्ठा उचलायचा, घरी येऊन खळ शिजवायची आणि स्टँडपासून कचेरीपर्यंत भिंती पत्रकांनी भरून सोडायच्या, हे माझं शिक्षण. आमच्या घरात गव्हाचं पीठ सणालाच दिसायचं. ते मी खळीला न्यायचो.

"सनाच्या पोळ्या भितीला खाऊ घालतो व्हय रे?" माय म्हणायची.

"भिती बोलायला लागल्या पाहिजेत ना माय."

"आधी त्या भितीला इचार, तिला भूक हाय का."

बाई आमच्या घराला लागून राहायच्या. गावात त्यांना खोली मिळाली नव्हती. का मिळाली नव्हती हे कुणी तोंडानं सांगितलं नाही. खोल्या अचानक धान्यानं भरलेल्या निघाल्या. मग आमच्या वस्तीच्या टोकाला, लिंबाखाली, एका पत्र्याच्या खोलीत बाई आणि त्यांची म्हातारी आई अशा दोघी राहू लागल्या. वडील रेल्वेच्या गँगवर होते, रुळावर राबून त्यांनी पोरीला शिकवली. बाईंचा आवाज बारीक, चाल भरभर. हातात कायम काहीतरी निवडायला घेतलेलं असायचं, ज्वारी नाहीतर तूर. खडे निवडता निवडता त्या माणसाचं सगळं बोलणं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी एकच प्रश्न विचारायच्या. तो प्रश्न मला भाषणांपेक्षा जड जायचा.

त्या यायच्या आधी आमच्या गावात पोरी दुसरीपर्यंत शिकायच्या. पुढं धाकटी भावंडं सांभाळायला नाहीतर कापूस वेचायला. वस्तीतल्याही आणि गावातल्याही, यात जातीचा भेद नव्हता. बाई दारोदार फिरल्या. पाटलाच्या वाड्यापासून आमच्या शेवटच्या छपरापर्यंत प्रत्येक घरी त्यांना एकच उत्तर मिळालं: "बाई हायेत तवर पाठवतो." मास्तराच्या हाताखाली वाढती पोर पाठवायची नाही, बाई असल्या तर चालतं. तिसरी-चौथीचा वर्ग बाईंकडं होता आणि तो पोरींनी भरला. माझी धाकटी बहीण त्यांतलीच एक. म्हणजे त्या वर्गातल्या पोरींचं शिकणं बाईंच्या तिथं असण्यावर टांगलेलं होतं. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवा.

बाईंच्या वर्गाचा पहिला नियम असा: पाटी थुंकीनं पुसायची नाही. सगळ्या जिल्ह्यातली पोरं पाटीवर थुंकतात, तळव्यानं घासतात आणि वाळायला हवेत हलवतात. मीही तेच केलं. बाईंनी प्रत्येकाला घरून जर्द्याची रिकामी डबी आणायला लावली. तिच्यात ओलं फडकं. आमची बहीण रोज सकाळी रांजणापाशी बसून ते फडकं भिजवायची, पिळायची आणि डबीत घडी करून ठेवायची, जसं काही कुंकवाचा करंडा भरतेय.

"हे सोवळं कुठून आणलं बाई?" मी एकदा छेडलं.

"सोवळं नाही बाबा. लेकरांच्या हाताला खरूज आहे," त्या म्हणाल्या. मग सुपातला एक खडा उचलून फेकला. "आणि ज्याच्यावर लिहायचं त्याच्यावर थुंकायचं कसं?"

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं त्रिशरण, बुद्धं सरणं गच्छामि. हजेरी घ्यायच्या आधी त्या टेबलाजवळ उभ्या राहायच्या, डोळे अर्धे मिटायच्या, ओठ हलायचे. आवाज नाही. तेवढ्यात संपायचं. पोरांना माहीत होतं बाई काय म्हणतात, पण कुणाला त्यांनी म्हणायला लावलं नाही, हात जोडायला लावले नाहीत. पौर्णिमेला आणि दीक्षेच्या दिवशी पांढरं लुगडं नेसायच्या. तिकडं गुरुजी कपाळाला अष्टगंध लावून यायचे, फोटोला उदबत्ती लावायचे. घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. गुरुजी हातात लोखंडी दांडा घेऊन दारात उभे राहायचे, बाईंचे ओठ थांबलेले दिसले की मगच टोला द्यायचे. या दोघांनी हे कधी बसून ठरवलं असेल असं मला वाटत नाही.

मला तेव्हा दोन्ही पटत नव्हतं. आजही पटत नाही. सरकारी शाळेत ना उदबत्ती पाहिजे ना त्रिशरण, हे मी त्यांना तोंडावर म्हणालो होतो.

"मग मी काय पाटी म्हणून उभी राहू का?" त्यांनी विचारलं. "सकाळी पुसून यायचं, घरी जाऊन परत लिहायचं?"

पत्रकात मला याचं उत्तर सुचलं असतं.

आता ती गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं शाळेत पाटीपूजन असतं. पोरं एकाचे आकडे जोडून जोडून पाटीवर सरस्वती काढतात, तिला हळदकुंकू, झेंडूचं फूल, साखर. आणि दस्तूर असा, की पुजलेली पाटी दसरा होईपर्यंत पुसायची नाही. पोरं या दिवसाची वाट बघतात, कारण पाटी पुसायची नाही म्हणजे अभ्यास नाही. बाईंनी त्या दिवशी सांगितलं, ज्याला जे पुजायचं ते काढा. बहुतेकांनी सरस्वती काढली. पिंजाऱ्याच्या पोरानं चांद काढला. आमच्या बहिणीनं एकाच्या आकड्यांचं पिंपळपान काढलं आणि देठ जमला नाही म्हणून ती रडली. फुलं वाहिली, साखर वाटली. अजून अर्धा दिवस पुढं होता. बाई म्हणाल्या, "आता पुसा. सतराचा पाढा लिहा."

एक पोरगं उठलं, चांगल्या बागायतदाराच्या घरचं. "बाई, पुजलेली पाटी पुसत नसतेत."

"तुझ्या घरी उद्या-परवा तिफण पुजतील ना?"

"हाव."

"पुजली आणि रानात वापसा आला, तर तिफण उभी ठेवतात का पेरायला काढतात?"

पोरानं विचार केला. "पेरत्यात बाई. वापसा ऱ्हात न्हाई, ओल उडून जाती."

"मग पूस."

त्यानं डबी काढली आणि पुसली. सगळ्यांनी पुसली. सतराचा पाढा झाला. बाई दुसऱ्या दिवशी पांढरं नेसून दीक्षेच्या कार्यक्रमाला परभणीला गेल्या.

त्या पोराचा मामा गावात वर्तमानपत्रं विकायचा. सकाळच्या एसटीनं गठ्ठा यायचा, पानटपरीवर तो मांडायचा आणि उलट टपालानं गावची बातमी पाठवायचा. साप निघाला, गाय विहिरीत पडली, असल्या. छापून आली की "आमच्या वार्ताहराकडून" या दोन शब्दांवर बोट ठेवून आठवडाभर दाखवत फिरायचा. पोरानं घरी गंमत म्हणून सांगितलं, मामानं बातमी म्हणून पाठवली. शिक्षिकेनं पूजनानंतर सरस्वती पुसायला लावली. आता पोरं पाटी कशानं पुसतात हे शहरातल्या टेबलावर बसलेल्या माणसालाही ठाऊक असतं. तोही लहानपणी थुंकलेलाच. त्यानं आपल्या माहितीची भर घातली. छापून आलं: थुंकी लावून सरस्वती पुसायला लावली. दुसऱ्या पत्रानं ते उचललं, तिथं पाटीचं "प्रतिमा" झालं. तिसऱ्यात "मूर्तीची विटंबना" आणि खाली, ही शिक्षिका वर्गात रोज मंत्र पुटपुटते, सरकारी शाळेत धर्मांतराचे धडे चालू आहेत का, असा सवाल. वातावरण आधीच तापलेलं. नामांतराच्या नावानं ज्यांच्या पोटात दुखायचं, त्यांना औषध मिळालं.

मग परभणीहून एक जीप आली. भगवे रुमाल, पांढरे कपडे. शाळेच्या फाटकात गुरुजी, आणि बाजूच्या पारावर म्हातारे.

"मूर्ती कुठंय?" एकानं विचारलं.

गुरुजींनी फोटो दाखवला. हार ताजा होता.

"ही नाही. फोडलेली."

पारावरचा एक म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "फोडलेली न्हाई साहेब, पुसलेली हाय. अन ती बी पोराहिनं परत काढली, परत पुसली. तुमी उशिरा आलाव."

जीपवाल्यांना राग आला तो म्हाताऱ्याचा नव्हता, मूर्ती नसल्याचा होता. इतक्या लांब येऊन फोडलेलं काहीच बघायला मिळालं नाही. घोषणा देऊन गेले. पण त्यांच्या मागोमाग हुकूम आला: पंचायत समितीचे विस्तार अधिकारी चौकशीला येणार, आणि बाईंची बदली आधीच ठरल्यात जमा असल्याचंही कानावर आलं. गावात कुजबुज सुरू झाली. बागायतदाराच्या घरातून पोरगी शाळेत आली नाही. मग आणखी एक थांबली. माय घरात म्हणाली, "बाई गेल्या तर आपली बी घरीच बसल. मी एकली पोर गुरुजीच्या त्या मोठ्या पोरांच्या वर्गात न्हाई धाडायची."

बहीण चुलीपुढं बसून डबीचं झाकण उघडत आणि लावत होती.

माझं डोकं फिरलं. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. लिहायला हात सरावलेला होताच. गठ्ठा छापायला टाकायच्या आधी बाईंना दाखवावं म्हणून गेलो. त्या तूर पाखडत होत्या.

"वाच," म्हणाल्या.

मी वाचलं. सरस्वती नाकारणारी रणरागिणी. मनुवादाच्या छाताडावर पाय. फोटो उतरवा, उदबत्ती विझवा. आणि शेवटचा घाव राखून ठेवला होता: बाईंच्या वर्गात पाटीवर थुंकत नाहीत, थुंकतात ते टिळेवाल्या मुख्याध्यापकांच्या वर्गात, तिथं जाऊन विटंबना बघा. हे खरं होतं. बहिणीनंच सांगितलं होतं.

बाईंनी सूप खाली ठेवलं. "यात माझं एखादं वाक्य आहे का रे?"

"तुमच्या बाजूनंच आहे सगळं."

"मी सरस्वती कधी नाकारली? मीच पोरांना काढू दिली. मला ती पुजायची नाही, पोरांना पुजायची आहे. त्यांनी पुजली, मी पाढा घेतला. त्यांना फोडलेली मूर्ती पाहिजे, तुला फोडणारी बाई पाहिजे. मी कुठून आणू?"

"पण थुंकीचं तर खरं आहे. तेवढं छापलं तरी ते तोंडावर पडतात."

"आणि गुरुजींची चौकशी लागते. माझी सुटका गुरुजींना पुढं ढकलून व्हायची असेल तर मला नको." मग सूप परत उचलत म्हणाल्या, "मी गेले तर पोरी कुणाकडं बसणार? त्यांच्याचकडं ना? त्यांना बदनाम करून पोरी त्यांच्या वर्गात पाठवणार आहेस का तू?"

मी इतका पुढचा विचार केला नव्हता. पत्रक घडी करून खिशात घातलं. खळ त्या दिवशी तशीच वाळून गेली आणि मायनं ती खरवडून काढताना मला जे ऐकवलं ते इथं देत नाही.

चौकशीच्या दिवशी शाळेच्या आवारात निम्मं गाव होतं. वर्तमानपत्रवाला मामा खिडकीजवळच्या झाडाला टेकून. अधिकारी साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांना प्रकरण मिटवून जेवायच्या आत पेडगावला पोचायचं होतं. त्यांनी बाईंपुढं एक तयार मजकूर ठेवला. भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे, वर्गात कोणताही मंत्र म्हणत नाही.

"एवढं लिहून द्या, मी वर बघतो."

"मी म्हणते साहेब," बाई म्हणाल्या.

"काय?"

"त्रिशरण. रोज म्हणते. मनात."

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. "मनात म्हणता, मग कुणाला काय कळतंय? नाही म्हणून टाका ना."

"ओठ हलतात. लेकरं बघतात. मी नाही म्हटलेलं त्यांना कळेल."

आवारात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी खिडकीशी होतो. साहेबांनी कपाळ चोळलं. तिथून सुटायला बाईंना एक वाक्य पुरलं असतं, फक्त गुरुजींच्या खुर्चीमागच्या फोटोकडं बोट दाखवायचं: तिथं उदबत्ती चालते, मग माझे ओठ का चालत नाहीत? ते वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. बाईंनी फोटोकडं बघितलंसुद्धा नाही.

"पाट्या थुंकी लावून पुसायला लावल्या का?"

"नाही. फडक्यानं."

"बाई, मी पंधरा शाळा बघतो. पोरं थुंकीनंच पुसतात."

बाईंनी वर्गाकडं बघितलं फक्त. पोरींनी डब्या काढून पुढं ठेवल्या. जर्द्याच्या, काजळाच्या, एक बामची. साहेबांनी एक उघडली. आत ओलं फडकं.

"हे आज आणायला सांगितलं असेल," झाडाजवळून मामा म्हणाला.

तेव्हा गुरुजी उठले. मला वाटलं पाणी प्यायला उठले असतील. निवृत्तीला आलेला माणूस, आवाज बसका. म्हणाले, "साहेब, डब्या पहिल्या दिवसापासून आहेत. माझ्या वर्गात नाहीत. माझ्या वर्गात पोरं थुंकतात. दसरा होऊन शाळा भरली की त्याच पाटीवर, त्याच सरस्वतीवर थुंकतात आणि पुसतात. मी आजवर कधी हटकलं नाही. विटंबना लिहायची असेल तर माझ्या नावानं लिहा."

"गुरुजी, तुम्ही बसा," साहेब म्हणाले.

"लिहून घ्या आधी. मग बसतो."

साहेबांनी लिहून घेतलं की नाही ते मला दिसलं नाही. बाईंनी आपल्या हातानं आपला जबाब लिहिला: त्रिशरण मनात म्हणते, कुणाला म्हणायला लावत नाही, ज्याला जे पुजायचं ते पुजू दिलं, मग पाट्या फडक्यानं पुसायला लावल्या आणि पाढा घेतला, पुढंही घेईन. खाली सही. अक्षर फळ्यावरच्यासारखं सरळ. साहेबांनी तो कागद घेतला आणि फायलीत घातला.

चौकशीत काही निघालं नाही. ते कुठल्याही पत्रात छापून आलं नाही. मी तिन्ही कचेऱ्यांत खुलासा घेऊन गेलो. एका ठिकाणी चहा मिळाला. "शिळी झाली हो बातमी," संपादक म्हणाले. विटंबना पहिल्या पानावर ताजी असते आणि खरं आतल्या पानावरसुद्धा शिळं होतं, हे त्यांनी मला साखर ढवळत समजावलं. आणि उन्हाळ्यात बदल्यांचे हुकूम निघाले तेव्हा त्यांत बाईंचं नाव होतं. गंगाखेडच्या पुढं, गोदावरीच्या पलीकडं. कारण प्रशासकीय.

मी मोर्चाचं बोललो. बाई म्हणाल्या, "मोर्चा नामांतराचा काढ. मी येते." आणि खरंच आल्या, पुढच्या मोर्चाला, म्हातारीला घेऊन. पण स्वतःच्या बदलीवर त्यांनी एक शब्द खर्च केला नाही. जायच्या आधी त्या रोज संध्याकाळी घरोघर फिरल्या, आणि गुरुजींना बरोबर घेतलं. गावातल्या घरी बाई पुढं, गुरुजी मागं, वस्तीतही तसंच. आमच्या दारात गुरुजी पहिल्यांदाच आले. मायनं घोंगडी अंथरली. ते बसले, पाणी मागून घेतलं आणि प्याले. माय त्यांच्याकडं बघतच राहिली.

"तुमी हाव म्हून धाडत होतो बाई," माय म्हणाली.

"गुरुजींच्या दोन्ही लेकी याच शाळेत शिकल्या. त्यांच्या समोर," बाई म्हणाल्या. "एक नर्स आहे. त्यांना काय झालं?"

"त्या त्यांच्या लेकी."

गुरुजी तेवढंच बोलले. "ही पण बसल त्यांच्या जागेवर."

मायनं हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. शाळा उघडली तेव्हा बहिणीनं स्वतःच फडकं भिजवलं, डबी घेतली आणि निघाली. माय दारात उभी राहून बघत होती, तिनं अडवलं नाही. सगळ्या पोरी आल्या नाहीत. बागायतदाराची आली नाही, आणखीही काही गळाल्या. तो हिशेब मी त्या पहिल्या पानावरच्या बातमीच्या नावावर मांडतो आणि तो मी मिटवलेला नाही.

त्या वर्षीच्या पाटीपूजनाला मी मुद्दाम गावी थांबलो. शाळेच्या खिडकीशी गेलो तर मामाही आधीच येऊन उभा. आम्ही एकमेकांना रामराम, जयभीम काहीच घातलं नाही. आत गुरुजींचा मोठा वर्ग, अष्टगंध, उदबत्तीचा धूर, झेंडूची फुलं. आमच्या बहिणीनं पुन्हा पिंपळपान काढलं होतं, या वेळी देठ जमला होता. गुरुजींनी स्वतः त्यावरही फूल ठेवलं. साखर वाटून झाली. पोरं दप्तर आवरायला लागली, कारण आता अभ्यास नाही.

गुरुजी फोटोपुढं जरा वेळ हात जोडून उभे राहिले. मग वळले. "डब्या काढा."

मी बघितलं, त्या वर्गात सगळ्यांकडं डब्या होत्या. थोराड पोरांकडंसुद्धा.

"पुसा," गुरुजी म्हणाले. "एकोणिसाचा पाढा."

एवढी ओली फडकी एकदम पाट्यांवर फिरली की खिडकीशी गार वास आला. मी मामाकडं बघितलं. तो पाढा ऐकत होता. एकोणीस सत्तेपाशी पोरं अडखळली तेव्हा त्याचेही ओठ हलले. मग तो चपला ओढत टपरीकडं निघून गेला. त्यानं ती बातमी पाठवली नाही.

सरकारी शाळेत फोटो नसावा, उदबत्ती नसावी, असं मी अजूनही लिहितो, भिंतीवर लावतो. पण लिहिताना आता बाईंचे ते ओठ डोळ्यांपुढं येतात आणि पत्रकातले दोन-चार शब्द मी स्वतःच ओल्या फडक्यानं पुसतो. गंगाखेडकडून येणारा कुणी भेटला की विचारतो, पलीकडच्या त्या शाळेत कुणी बाई आहेत का. परवा एक ऊसतोडीवरचा गडी भेटला. म्हणाला, "हायेत की. लय कडक. आमच्या पोरीला जर्द्याची डबी आनायला लावली. म्या म्हन्लं, बाई, मी जर्दा सोडलाय. तर म्हन्ल्या, मग शेजाऱ्याची आना."